डावीकडे ओढणारा पॅड

पाचव्या जगातली तिसरी लेव्हल.
सुरू होतानाच पळायचं.
मागून जांभळी लाट येते, तिला दात आहेत,
कुणासाठी थांबत नाही ती.

मी पिवळा मोजा. अंकुशमामा ढोबळी मिरची.
मिरची त्यानेच निवडली,
म्हणाला, बाकीच्यांची तोंडं ओळखीची नाहीत.

उडी. छत्री. जेलीचा पूल. उडी.
पूल पाय गिळतो, वर घे, वर घे,
मामा, नाणी सोड ना, नाणी कसली गोळा करतोस!
"समोर पडलेली दिसतात गं."
आणि लाट. गप्पकन.

मेलेला इथे मरत नाही.
साबणाच्या फुग्यात बसून तरंगत येतो,
काचेआडून हात हलवतो,
दुसऱ्याने टिचकी मारली की फट्‌,
पुन्हा पायांवर.
दोघंही फुग्यात गेलो तर मात्र
पहिल्यापासून.
शुक्रवारी रात्री, विक्रोळीत, कन्नमवार नगरात
आम्ही एकोणचाळीस वेळा पहिल्यापासून.
आई आतून दोनदा ओरडली,
सहाला पाणी येतं, झोपा आता.

मामाच्या हातातला पॅड तन्मेशचा.
तन्मेश नोकरीसाठी नाशिकला गेला, पॅड इथेच राहिला.
लॅमिंग्टन रोडवर जुन्यात घेतलेला,
दुकानदार तेव्हाच म्हणाला होता,
स्टिक आपोआप डावीकडे ओढते,
दोनशे कमी द्या.
म्हणजे बोट उचललं
की मिरची वळते, आणि सावकाश, शहाण्यासारखी
लाटेकडे चालू लागते.

मी म्हटलं, माझा घे.
नको म्हणाला.

चाळिसाव्या वेळी आम्ही फळ्यांपर्यंत पोचलो.
निळ्या, झुलत्या, वरखाली होणाऱ्या चार फळ्या.
एकाच्या वजनाने फळी खाली बसते,
दोघांच्या वजनाने वर जाते,
आणि लाट? आलीच.
मी उडी मारणार इतक्यात
"थांब."
मामा, खाऊन टाकेल!
"थांब गं. अजून बोटभर यायचीय."
मी थांबले. का, ते अजून कळलेलं नाही.
"हं. आता."

एकतीस वर्षं बॅलार्ड इस्टेटच्या एका इमारतीत
लिफ्ट चालवली त्याने.
जाळीचा दरवाजा, पितळी मूठ, एक स्टूल.
लिफ्ट मजल्याशी हातानेच जुळवायची,
बोटभर वर राहिली तर साहेब अडखळतो,
बोटभर खाली राहिली तर बाईंची टाच अडकते.
नंतर बटणांची लिफ्ट आली,
स्टूल मात्र त्याला घरी नेऊ दिलं.
आत्ता तो त्यावरच बसलाय.

हं. दुसरी फळी.
हं. तिसरी.
मोजा आणि मिरची, एका वेळी, एका उडीत,
खाली जांभळे दात एकमेकांवर आपटतायत,
चौथ्या फळीवरून माझा पाय निसटला,
मी फुग्यात,
आणि अंकुशमामाने, ज्याला मोबाइलवर फोटो मोठा करता येत नाही,
धावता धावता टिचकी मारली.

झेंडा!
आतषबाजी, ढोल, पडद्यावर केशरी, हिरवं, गुलाबी,
मी ओरडले, आई पुन्हा ओरडली,
शेजारच्या खाड्यांच्या खिडकीत दिवा लागला.

पण झेंड्याखाली दोघांनी पाच सेकंद उभं राहायचं असतं,
गेम मोजत असतो.
मी हात सोडून नाचत होते.
मामाचा अंगठा तेवढा स्टिकवर,
किंचित उजवीकडे दाबलेला,
ओढ असेल नेमका तेवढाच.
मिरची जागची हलली नाही.

"संपलं?" त्याने विचारलं.
हो मामा, सोड आता.
"नक्की ना?"
पुढच्या लेव्हलचं चित्र उमटत होतं,
बर्फ बहुतेक,
आणि त्याने अंगठा अजून उचललेला नव्हता.